उजवा कौल

“हलू नको गो,” आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या कानाशी कुजबुजल्या. “गाराणा सुरू झाला.”

मी हलत नव्हतेच. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, रोजचा पिळा बसला होता आणि तो बसला की मी आपोआप दगड होते. गावदेवी पावणाईच्या देवळात लाकडी खांबाला पाठ टेकून मी घोंगडीवर बसले होते. सकाळी घेतलेली गोळी अर्धीमुर्धी चढली होती, त्यामुळे सगळं जरा लांबून, पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. आत गाभाऱ्यात पुनाजी गुरव तांब्यातल्या पाण्यात लाल फुलाच्या पाकळ्या भिजवत होता. एक पाकळी त्याने देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या खांद्यावर. समईच्या उजेडात त्या ओल्या पाकळ्या चमकल्या आणि मला उगाचच वाटलं, आपल्याच खांद्यांवर कुणीतरी गार बोटं ठेवलीत.

मी घाटावरची, गडहिंग्लजकडची. आमच्या घरात देवाला नवस बोलायचे, नारळ फोडायचा आणि घरी येऊन जेवायचं. लग्न होऊन मी कोकणात आले तेव्हा कळलं की इथे देवाला प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी गळली तर होय. डावीकडची गळली तर नाही. याला कौल म्हणतात. कधी गुरवाचं बोलणं संपायच्या आत पाकळी पडते, कधी दिवस मावळला तरी देवी मनावर घेत नाही.

पुनाजीने हात जोडले आणि त्याचा आवाज एकदम बदलला. एरवी बाजारात नारळाच्या भावावरून हुज्जत घालणारा माणूस, पण गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

“गो आई पावणाय! आज ह्यो तुझो लेकरू उमाकांत तुझ्या पायाकडे इलो आसा...”

“होय म्हाराजा!” आमचे हे म्हणाले. हे म्हणजे उमाकांत. त्यांच्या मागे दोन म्हातारे टेकले होते, तेही म्हणाले.

“त्याची घरकारीण, घाटावरसून इल्ली, दोन वर्सां कुशीत दुखता म्हणता...”

“होय म्हाराजा!”

“डाक्तरांनी बघल्यानी, फोटो काढल्यानी, कायव गावाक नाय...”

“होय म्हाराजा!”

“तर हिचा दुखणा खरा आसात, तर उजवो कौल दी. आणि खोटा आसात, तर डावो दी गो आई!”

“होय म्हाराजा!”

मला वाटलं, मी गुंगीत काहीतरी भलतंच ऐकलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला मुंबईला न्यावं का, एवढंच विचारायचं ठरलं होतं. पण आईंची मान झटक्यात यांच्याकडे वळली, तेव्हा कळलं की ऐकलं ते बरोबर.

“ह्या काय विचारलंस रे?” त्या म्हणाल्या.

“जां विचारूचा तांच विचारलंय, आये.”

“मुंबैचा विचारतंय म्हणालंस मां?”

“मुंबईला न्यायचं की नाही, ते त्यावरच ठरणार ना?” हे आता माझ्याकडे पाहून बोलत होते, म्हणून शुद्ध बोलत होते. माझ्याशी हे नेहमी पुस्तकातलं बोलायचे. मालवणी फक्त आईशी, कामगारांशी आणि संतापले की कुणाशीही.

आई पुनाजीकडे वळल्या. “फिरयता येयत काय गाराणा?”

“आता कसला फिरयतंस, काकी?” पुनाजी म्हणाला. “देवीच्या कानात गेला. आता तिना काय ता सांगूचा.”

हे वाईट नव्हते, एवढं आधी सांगून ठेवते. दुखणं सुरू झालं तेव्हा यांनीच मला टेम्पोच्या पुढच्या सीटवर उशी ठेवून कणकवलीला नेलं होतं. मग कोल्हापूर, मग गोवा. रक्त, लघवी, सोनोग्राफी, नळी घालून पाहणं. सगळीकडचे डॉक्टर भले होते, वेळ देऊन बोलायचे. कोल्हापूरचे डॉक्टर तर हसून म्हणाले, “चांगली बातमी आहे, काहीही नाही.” पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण प्रत्येक चांगल्या बातमीबरोबर घरातली माझी पत उतरत गेली. पहिल्या रिपोर्टाला यांना हायसं वाटलं. दुसऱ्याला हे गप्प झाले. त्यानंतर मी कुशीला हात लावला की हे उठून बाहेर जायचे.

घरामागे आमचा काजू फोडायचा छोटा कारखाना होता. पाटावर बसून फोडणाऱ्या बायका, आणि त्यांच्यात मी. माझ्याने बसवेना तेव्हा बायका आपसांत बोलू लागल्या. घाटावरच्या पोरीला काजूचा चीक नको झालाय, म्हणून दुखतंय. मला ते ऐकू यायचं. यांनाही येत असणार.

आणि गेल्या आठवड्यात जेवताना, ताटातून मान वर न करता हे म्हणाले, “तू गडहिंग्लजला जाऊन राहा. बरं वाटेल तेव्हा ये.”

“आणि रेवती?”

“रेवती इथेच राहील. शाळा आहे तिची.”

रेवती आमची मुलगी. नुकतीच पहिलीत जायला लागली होती, माझ्याशिवाय कुणी वेणी घातलेली तिला चालत नव्हती. बरं वाटेल तेव्हा ये. मला बरं वाटणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे मी गेले की गेलेच. माझ्या हातातला घास तसाच राहिला आणि तेव्हाच आई आतून म्हणाल्या, “आधी देवीक विचारूया. मगे काय ता करा.”

मला त्यांचाही रागच आला होता. माझी सासू बोलायला फटकळ. मी आडवी झाले रे झाले की दारात येऊन उभ्या राहायच्या. “रिपोर्टात काय नाय मां? मग उठ. भाकरी थाप.” आता देवीचा शिक्का घेऊन मला घालवणार, असंच मी धरून चालले होते. देवळात येतानाही मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आम्ही बसून राहिलो.

पाकळ्या जागच्या हलत नव्हत्या. उन्हं चढली. देवळाच्या मागून ओहोळ वाहायचा, त्याचा आवाज सकाळी ऐकू येत नव्हता, तो आता येऊ लागला. म्हातारे उठून गेले. हे पारावर जाऊन बसले, तिथून यांच्या विडीचा वास आत यायचा. पुनाजीने दोनदा डोकावून पाहिलं, समईत तेल घातलं आणि म्हणाला, “देवी विचार करता. मी दोन घास खावन येतंय. कोणी आत जाव नकात हां.” गाभाऱ्याचा उंबरा गुरवाशिवाय कुणी ओलांडायचा नाही, हा तिथला नियम. आई रोज सकाळी दिवा लावायला येत, तो उंबऱ्याबाहेरच ठेवत.

आता आत आम्ही दोघीच होतो. आई उंबऱ्याजवळ पाय लांब करून बसल्या होत्या, पाकळ्यांवर डोळे लावून. मी खांबाला टेकून. गोळी आता चांगली चढली होती. ती दुखणं घालवत नसे, फक्त मला त्याच्यापासून थोडं दूर नेऊन बसवी. देवीचा काळा चेहरा समईच्या उजेडात हलत होता, हसतो आहे असं वाटावं इतपत. पाण्याचा, तेलाचा, कुजलेल्या फुलांचा वास. कुठेतरी एक भुंगा लाकूड पोखरत होता आणि तो आवाज हळूहळू माझ्या अंगात शिरला.

मग माझ्या शेजारी घोंगडीवर कुणीतरी येऊन बसलं.

मी मान वळवली नाही, तरी मला ते दिसत होतं. माझं दुखणंच होतं ते. दोन वर्षांत मी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं ते उग्र असेल, पण ते नुसतं थकलेलं होतं. लांबून चालत आलेल्या पाहुण्यासारखं, पायांवर धूळ. पाणी विचारावं की काय, असं वाटलं.

“तू कोण?” मी विचारलं.

“मलाही माहीत नाही,” ते म्हणालं.

“कुणी पाठवलं तुला?”

“ते कुणी सांगितलंच नाही. जा म्हणाले, मी आले.”

“मग आता परत जा ना.”

“कुठे जाऊ? मला वाट ठाऊक नाही.”

त्याचा आवाज इतका खरा होता की मला त्याच्यावर रागावता येईना. दोन वर्षं मी त्याला ढकलत होते, आणि ते बिचारं माझ्याइतकंच अडकलेलं. मी घोंगडीवर थोडी सरकले. ते नीट टेकून बसलं. मग आम्ही दोघं ओहोळाचा आवाज ऐकत राहिलो. पाणी देवळात आलं, आमच्या पायांवरून गेलं, गार होतं. त्यात लाल पाकळ्या तरंगत होत्या, पुष्कळ, आणि कुठली उजवी नि कुठली डावी हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी डोळे उघडले, किंवा अर्धे उघडले. गाभाऱ्यात काहीतरी हललं होतं.

देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी सुटत होती. अगदी सावकाश. आधी तिची कड वर आली, मग ती जरा घसरली, दंडापाशी थांबली. आणि मग गळून खाली पडली. उजवी जागच्या जागी घट्ट.

मी ओरडले नाही. रडलेही नाही. मला वाटलं, देवी म्हणते आहे म्हणजे नसेलच दुखत. मीच कुठेतरी चुकत असेन. डॉक्टर नाही म्हणतात, नवरा नाही म्हणतो, आता ही नाही म्हणाली. मी आत जाऊन शोधलं, खरंच शोधलं, कुशीत, बरगडीखाली, पाठीत. ते तिथेच होतं, नेहमीसारखं पिळत. आणि त्याला पाहणारी जगात मी एकटीच होते. इतकी एकटी मी कधीच नव्हते, नंतरही झाले नाही.

तेवढ्यात आई उठल्या.

गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. एकदा बाहेर पाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझे डोळे मिटलेले आहेत असं त्यांना वाटलं असेल, किंवा नसेलही वाटलं. पदर कमरेला खोचला आणि गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून त्या सरळ आत गेल्या. खाली वाकल्या. पडलेली पाकळी उचलली, तांब्यात बुडवली आणि देवीच्या डाव्या खांद्यावर पुन्हा चिकटवली. अंगठ्याने दाबली, चांगली जोर लावून, चुलीच्या भेगेला माती लावावी तशी. मग देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी त्यांनी एका बोटाने खाली ढकलली.

ती पडली. आई बाहेर आल्या, आपल्या जागी बसल्या, पाय लांब केले. त्यांचा श्वास मोठ्याने वाजत होता.

“पुनाजी!” मग त्या ओरडल्या. “रे पुनाजी! उमाकांता! धावा रे, कौल दिल्यान!”

पुनाजी हात न धुताच पळत आला. उंबऱ्यातून वाकून पाहिलं आणि त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. “उजवो! आई पावणायन उजवो दिल्यान!”

हे त्याच्या मागे उभे होते. यांनी पाकळीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्यापाशी येऊन उकिडवे बसले. यांचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

“खंय दुखता गो?” हे म्हणाले.

माझ्याशी, मालवणीत, आणि संताप नसताना. दोन वर्षांत कणकवली ते गोव्यापर्यंत सगळ्यांनी मला हा प्रश्न विचारला होता, यांना सोडून. मी यांचा हात धरून कुशीवर ठेवला. यांचा तळवा घामाने ओला झाला होता. हे रडत होते आणि ते पुनाजीला दिसू नये म्हणून मान खाली घालून बसले होते.

मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी संतापही आला. माझ्या शब्दावर नाही, एका पाकळीवर यांचा विश्वास बसला होता. तो संताप माझा पुरता गेलेला नाही. मुंबई झाली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद उलटून पाहिले आणि तेच सांगितलं, काही सापडत नाही. तेव्हा हे खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “नसू दे सापडत. तिचं दुखणं खरं आहे, तेवढं धरून पुढचं सांगा.” डॉक्टरांनी चष्मा काढला, यांच्याकडे पाहिलं, आणि मग दुखण्यासकट कसं जगायचं, कसं बसायचं, कसं झोपायचं, कामाचे तुकडे कसे करायचे, असलं बरंच काही समजावलं. त्यातलं बरंचसं उपयोगी पडलं. हे कशाच्या जोरावर बोलले, ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आणि यांना अजून सांगितलेलं नाही. आई गेल्या, म्हणून आता लिहिते आहे.

त्या दिवशी घरी परतताना हे पुढे चालत होते. पाणंदीत दोन्ही बाजूंनी काजूची झाडं वाकली होती आणि उन्हाचे कवडसे वाटेवर हलत होते. मी अजून अर्धी त्या पाण्यातच होते. आई माझ्या बाजूने, माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होत्या.

“आई,” मी हळू म्हटलं, “डावी पडली होती.”

“माका म्हायत आसा. माजे डोळे फुटले नाय हत.”

“मग तुम्ही...”

“पावणायक काय कळता?” त्या म्हणाल्या. “दगडाचा आंग तिचा. तिका कधी दुखला आसा?”

मी दचकून मागे पाहिलं. देवळाचा कळस झाडांतून अजून दिसत होता. या बाईने उपास, पालखी, जत्रा यांतलं आयुष्यात काही चुकवलं नव्हतं.

“पण तुम्हीसुद्धा माझं कधी खरं मानलं नाही,” मी म्हणाले.

“कोणी सांगल्यान तुका?” त्या थांबल्याच. “तुझ्या नि माझ्या खोलयेत एक कुडाची भिंत. तुका झोप लागली काय तू कण्हतंस. रोज. जागी असतंस तेव्हा तोंड दाबून धरतंस. झोपेत कोणाक सोंग जमता काय गो?”



“मग ‘उठ, भाकरी थाप’ कशाला म्हणायचात?”

“तू आडवी पडान रवलंस तर तो तुका घाटार धाडतलो, ह्या माका दिसत होता. उभी दिसलंस तर रवशीत, म्हणान.”

“तर मग यांना सांगायचं ना, की ही झोपेत कण्हते.”

“सांगलंय. नाय सांगलंय कसा?” आई हसल्या, पण ते हसू कडू होतं. “बायलमाणसान बायलमाणसाचा सांगलेला तेंका खरा वाटता? म्हणान देवीक विचारूया म्हटलंय. माका वाटला, तीव बाईच ती.”

त्या पुन्हा चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, “देवी कोपली तर?”

“कोपांदे. उद्या दिवो घेवन जातलंय, तेव्हा बोलतंय तिच्याशी. इतकी वर्सां उंबऱ्याभायर उभी रवलंय मी. एकदा आत गेलंय, तर एवढा तिना सांभाळून घेवक होया.”

पुढच्या वळणावर हे थांबले होते. मागे वळून यांनी हाक मारली, “जमता मां चलाक?”

जमतंय, असंच मी म्हणणार होते. किती महिने मी तेच म्हणत आले होते. आमच्या घरात दुखतंय हा शब्द मी उच्चारणंच सोडून दिलं होतं. आईंनी माझ्या कोपराला हात लावला.

“नाही,” मी म्हटलं, मोठ्याने. “दुखतंय. थांबा.”

हे परत आले. आम्ही तिघं बांधावर बसलो आणि पिळा जरा सैल होईपर्यंत कुणीही उठलं नाही.